दहा श्वासांना एक मणी

निदानाला मदत करणारं साधन आपण एकाच प्रश्नावर जोखतो: उत्तर किती अचूक? गडचिरोलीतली दोन उदाहरणं पाहिली की मला हा प्रश्न अपुरा वाटतो.

पहिलं उदाहरण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या श्वासमापकाचं. न्यूमोनियात मुलाचा श्वास भरभर चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला 60 आणि त्याहून मोठ्याला 50, ही 'सर्च'ने धरलेली धोक्याची रेघ. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजताच येत नसेल तर? म्हणून एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि वयाप्रमाणे मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया.

युनिसेफचा टायमर मिनिट संपलं की वाजतो. मोजणं आणि रेघ आठवणं मात्र तुमच्याकडेच. फोनवरच्या ॲपमध्ये प्रत्येक श्वासाला स्क्रीनवर बोट टेकवलं की आकडा मिळतो. मण्यांचं साधन आकडा देतच नाही, सरळ निर्णय देतं.

दुसरं उदाहरण नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाचं. सरकारी आयएमएनसीआय पद्धतीत धोक्याचं एक लक्षण दिसलं तरी बाळ दवाखान्यात पाठवायचं. 'सर्च'चा नियम वेगळा: सातपैकी कोणतीही दोन लक्षणं एकाच वेळी हवीत. पहिल्या नियमातून आजारी बाळ सहसा सुटत नाही, पण बरीच धडधाकट बाळंही पाठवली जातात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो, तेव्हा 'दवाखान्यात न्या' हा सल्ला कागदावरच राहतो. दुसऱ्या नियमामागे गावातच इंजेक्शन देणारी आरोग्यदूत उभी होती. 1999च्या 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्के घटलेला दिसला. हे यश अर्थात एकट्या नियमाचं नाही. घरी जाऊन केलेल्या सगळ्या देखभालीचं आहे.

मण्यांवर माझा आक्षेपही आहे. मलेरियाच्या तापातही श्वास वाढतो आणि गडचिरोलीत मलेरिया नवा नाही. लाल मण्याला 'मला नक्की माहीत नाही' असं म्हणता येत नाही. तरीही मी त्याच्याच बाजूने आहे, कारण मणी सरकवणाऱ्या हातात पुढचं औषधही होतं.

उद्या एखादं एआय ॲप याहून अचूक निदान सांगेल. तेव्हा एवढंच विचारा: निदान झाल्यावर ते बघणाऱ्या बाईच्या पिशवीत काय आहे?