थोरला मागे उभा असतो

हेवी मेटल म्हटलं की आमच्या आळीत अजूनही गवई आठवत नाही, भंगारवाला आठवतो. त्याची हातगाडी फरशीवरून खडखडत गेली की जो आवाज होतो, तोच आवाज काही लोक विजेच्या मदतीने करतात आणि वर तिकीट लावतात, असं आमच्या वडीलधाऱ्यांचं मत. हे संगीत ऐकताना कान झाकायचे नसतात, मान हलवायची असते, असं माझ्या भाच्याचं मत. मी दोघांच्या मध्ये बसून कान उघडे ठेवतो आणि मान स्थिर ठेवतो. अशा माणसाला समीक्षक म्हणतात.

तर आजची समीक्षा एसी-डीसी या ऑस्ट्रेलियन मंडळींची. मंडळी स्वतःला हेवी मेटल म्हणवून घ्यायला तयार नाहीत. आम्ही आपलं साधं रॉक अँड रोल वाजवतो, असंच ते सांगत आले आहेत. पण तबकड्यांचा दुकानदार त्यांना मेटलच्याच फळीवर ठेवतो, आणि दुकानदाराशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

त्यांच्यावरचा मुख्य आरोप असा, की यांची सगळी गाणी सारखीच. आरोप खरा आहे. आमचे सगळे अल्बम सारखेच आहेत, पण तुम्ही म्हणता त्यापेक्षा एक जास्त आहे, असं उत्तर त्यांच्यातल्या अँगस यंगने दिल्याचा किस्सा सांगतात. मला त्या सारखेपणाचंच नवल वाटतं. पन्नास वर्षांत गायक बदलले, ड्रमवाले बदलले, बेस गिटारवाले बदलले. एक वारला, एक कोर्टात उभा राहिला, एकाचे कान गेले. तरी गाणं तेच! आमच्या घरची आमटीसुद्धा लागोपाठ दोन दिवस सारखी होत नाही, आणि तिथे तर स्वयंपाकीही बदललेला नसतो. तेव्हा हे गाणं सारखं ठेवणारा कुणीतरी असलाच पाहिजे. तो कोण, एवढाच माझा प्रश्न.

मूळची ही मंडळी ऑस्ट्रेलियन नव्हेत. यंग कुटुंब स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं. १९६३ साली ते बिऱ्हाड उचलून सिडनीला गेलं. थोरल्या भावांपैकी जॉर्ज 'ईझीबीट्स' नावाच्या बँडमध्ये वाजवून नावारूपाला आला. घरात एक मुलगा गाण्यात गेला की आई-बाप कपाळाला हात लावतात, यंगांच्या घरात एकामागून एक गेले. १९७३ साली माल्कम आणि त्याहून दोन वर्षांनी धाकटा अँगस यांनी स्वतःची मंडळी काढली. बहीण मार्गारेट हिला शिवणयंत्रावर 'एसी/डीसी' अशी अक्षरं दिसली आणि बारसं झालं. अँगसने शाळेचा गणवेश घालून वाजवावं ही सूचनाही तिचीच. म्हणजे नाव बहिणीने ठेवलं, कपडे बहिणीने ठरवले; भावांकडे उरलं ते फक्त वाजवणं.

त्या गणवेशाबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. आमच्याकडे मुलगा आठवीत गेला की फुलपँटसाठी उपोषणाला बसतो. अँगस यंग १९५५ चा जन्म, २०२५ मध्ये सत्तरी ओलांडली, तरी स्टेजवर हाफपँट, टाय आणि टोपी. आडनावच यंग म्हटल्यावर इलाज नाही. एका पायावर उड्या काय मारतो, जमिनीवर पडून गोल काय फिरतो! लाखभर लोक त्याच्याकडे डोळे लावून असतात. आणि तसं असावं म्हणूनच तो आहे.

माल्कम मात्र मागे उभा. ड्रमच्या शेजारी, एका ठरलेल्या जागी, खाली मान घालून. ध्रुपदाची ओळ आली की चार पावलं पुढे येऊन मायक्रोफोनपाशी ती म्हणायची आणि चार पावलं मागे जायचं. लग्नघरात असा एक गृहस्थ असतो. फोटोत तो कुठेच नसतो, पण आचाऱ्याला पैसे त्यानेच दिलेले असतात.

माल्कमचं काम ऱ्हिदम गिटारचं, म्हणजे ठेका धरायचं. ऐकायला हे कमी दर्जाचं वाटतं, आणि गिटार शिकणारी शंभरातली नव्व्याण्णव मुलं अँगस व्हायला निघतात ती याच समजुतीने. माल्कमने आपल्या गिटारवर जाड तारा चढवल्या होत्या आणि आतले त्याला नको असलेले भाग उपटून टाकले होते. आवाजही इतरांसारखा करकरीत, फाटका नाही; बराचसा स्वच्छ. ताकद येते ती त्याच्या थांबण्यातून. 'बॅक इन ब्लॅक' या गाण्याची सुरुवात ऐका. एक घाव, मग पोकळी, मग छोटासा तुकडा, पुन्हा पोकळी. आपल्याकडे तबल्यात खाली असते ना, तिचं महत्त्व ज्याला कळलं त्याला माल्कम कळायला अडचण नाही. इतर मेटलवाले ती पोकळी दिसली की घाबरून तिच्यात सूर कोंबतात. रेल्वेच्या डब्यात जागा दिसली की आपण पिशवी टाकतो तसे. माल्कम ती जागा रिकामी सोडतो. तिथे ऐकणाऱ्याची मान हलते.

याचा पुरावा घरबसल्या मिळतो. त्यांच्या बहुतेक तबकड्यांवर माल्कम डाव्या स्पीकरमध्ये आहे आणि अँगस उजव्या. उजवा बंद करा. गाणं उभंच्या उभं राहतं, खिडकीच्या काचाही पूर्वीइतक्याच वाजतात. आता उजवा लावा आणि डावा बंद करा. वरात पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या क्लॅरनेटवाल्यासारखा धाकटा एकटाच जिवाच्या आकांताने वाजवत राहतो. वाजवतो मात्र झकास, हे कबूल.

आता माणसं कशी बदलली ते पाहू. पहिल्या वर्षभरात बेसवाले आणि ड्रमवाले इतके आले-गेले, की त्यांची यादी द्यायची तर रेशनच्या दुकानातलं रजिस्टर लागेल. पहिला गायक डेव्ह एव्हान्स. १९७४ मध्ये त्याच्या जागी बॉन स्कॉट आला. हाही स्कॉटलंडचाच, लहानपणी ऑस्ट्रेलियात गेलेला. बॉनचा आवाज म्हणजे रात्री उशिरा घरी परतणारा शेजारी. कुठून आला ते विचारू नये, पण तो कट्ट्यावर बसून सांगायला लागला की दिवा मालवून झोपायचं मन होत नाही. हा मनुष्य बॅगपाइपसुद्धा वाजवी. १९७६ साली ही मंडळी ट्रकवर उभी राहून मेलबर्नच्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवरून वाजवत गेली, त्याची फिल्म आहे. पुढे २००४ मध्ये त्याच शहरातल्या एका बोळाला त्यांचं नाव देण्यात आलं, पण नावातली तिरकी रेघ सरकारी नियमात बसेना, म्हणून पाटीवर रेघ गाळली. सरकारी नियम जगात सगळीकडे एकाच कारखान्यात तयार होत असावेत.

१९७५ मध्ये फिल रड ड्रमवर आला आणि १९७७ मध्ये क्लिफ विल्यम्स बेसवर. या दोघांचा मोठा गुण असा, की ते जास्त काही करत नाहीत. रड तर न वाजवण्याची कला शिकलेला माणूस. असे दोघे मागे असले की माल्कमची पोकळी पोकळीच राहते. १९७९ च्या 'हायवे टू हेल'ने अमेरिका जिंकली, आणि १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये, रात्रभरच्या पिण्यानंतर, उभ्या मोटारीत बॉन स्कॉट गेला. वय तेहेतीस.

इथे बहुतेक मंडळ्या मोडतात. चेहरा गेला की नाटक कंपनीचे पडदे विकायला निघतात. यांनाही थांबावंसं वाटलं होतं. बॉनच्या आई-वडिलांनी थांबू नका म्हणून सांगितलं. मग माल्कमने अँगसला फोन करून सुचवलं, की घरी बसून रडण्यापेक्षा जमून वाजवू. नवा गायक सापडला तो इंग्लंडातल्या न्यूकॅसलचा ब्रायन जॉन्सन. मोटारींच्या टपांना व्हिनाइलचं आच्छादन बसवण्याचा त्याचा धंदा होता. बॉनने कधीकाळी त्याला ऐकलं होतं आणि काय तो स्टेजवर लोळून किंचाळतो, अशी त्याची तारीफ केली होती. त्या रात्री ब्रायनला अपेंडिक्सची कळ आली होती, असं नंतर कळलं म्हणतात. गुणग्राहकता ही अशी कुठूनही उगवते.

बॉन गेल्यापासून जेमतेम पाच महिन्यांत 'बॅक इन ब्लॅक' बाजारात आला. सुतक म्हणून काळं वेष्टन, सुरुवातीला घंटेचे टोल. जगभरात पाच कोटींच्या आसपास प्रती खपल्या असा अंदाज आहे; एकट्या अमेरिकेत अडीच कोटींचं प्रमाणपत्र २०१९ मध्ये मिळालं. हा चमत्कार नव्या गायकाचा, असं बहुतेक टीकाकार लिहितात. ब्रायन चांगलाच आहे. गच्चीवरून खालच्या दूधवाल्याला हाक मारावी तसा त्याचा गळा, आणि त्यात कपट नाही. पण डावा स्पीकर तोच होता! मालक तोच, ठेका तोच, थांबणं तेच. बाहेरच्या खोलीत नवा माणूस आला, स्वयंपाकघर हललं नव्हतं.

स्वयंपाकघर हललं की काय होतं तेही याच मंडळींनी दाखवून दिलं. १९८३ मध्ये रडचं माल्कमशी बिनसलं आणि तो गेला. त्याच्या जागी आधी सायमन राइट, मग १९८९ पासून ख्रिस स्लेड. दोघेही कसबी. पण १९८५ चा 'फ्लाय ऑन द वॉल' ऐकताना पाहुण्यांच्या घरी जेवल्यासारखं वाटतं; सगळं पानात आहे आणि भूक तशीच आहे. १९९० चं 'थंडरस्ट्रक' हा अपवाद. १९९४ मध्ये रड परतला, आणि पुढच्याच वर्षीच्या अल्बममध्ये ती पोकळीही परतली.

माझ्या मुद्द्यावर एक आक्षेप येऊ शकतो. १९८८ च्या दौऱ्यात माल्कम दारू सोडण्यासाठी रजेवर गेला आणि त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही उभा राहिला. काकापुतण्यात इतकं साम्य, की पुष्कळ प्रेक्षकांना बदल कळलाच नाही. (हा पुतण्या अँगसकाकापेक्षा पावणेदोन वर्षांनीच लहान. यंगांच्या घरात नाती वयावर अवलंबून नसतात.) मग हात बदलता येतो की, असं कुणी म्हणेल. येतो, पण काकाने बांधलेली गाणी वाजवण्यापुरता. बांधणारा तेव्हा रजेवर होता, आणि परत आला.

२०१४ मध्ये मात्र तो परत येणार नाही असं ठरलं. माल्कमला स्मृतिभ्रंश झाला होता. त्याआधीच्या, २००८ ते २०१० च्या दौऱ्यातच आजार सुरू झालेला होता, आणि स्वतःच बांधलेली गाणी तो कार्यक्रमाआधी पुन्हा पुन्हा बसून शिकत असे. तीस-पस्तीस वर्षं जे बोटांत होतं ते बोटांकडून मागून घ्यायचं आणि रात्री आपल्या जागी जाऊन उभं राहायचं. ती दौऱ्याची ध्वनिमुद्रणं ऐकताना माझे विनोद संपतात.

त्यानंतरची दोन वर्षं म्हणजे फार्स. फिल रड न्यूझीलंडमध्ये धमकीच्या आणि अमली पदार्थांच्या खटल्यात अडकला आणि घरच्या घरी स्थानबद्ध झाला. स्लेड पुन्हा आला. २०१६ मध्ये बहिरं होण्याच्या भीतीने ब्रायन जॉन्सनला दौरा सोडावा लागला. त्याच्या जागी 'गन्स अँड रोझेस'चा अ‍ॅक्सल रोझ आला तो पाय मोडून, दुसऱ्या एका गवयाने दिलेल्या सिंहासनावर बसून. गायला बरा, पण राजा उसना, सिंहासनही उसनं. दौरा संपताच क्लिफ विल्यम्स निवृत्त झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये माल्कम गेला, चौसष्टाव्या वर्षी. जॉर्ज त्याच्या आधी महिनाभरही नाही.

आणि २०२० मध्ये 'पॉवर अप' आला. ब्रायन परतला, रड परतला, क्लिफसुद्धा परतला. बारा गाणी, आणि प्रत्येकाखाली अँगस व माल्कम अशी दोन नावं. माल्कमने बांधून ठेवलेले तुकडे अँगसने जपले होते, त्यांतून ही गाणी झाली. अल्बम चांगला आहे. तो चांगला का आहे, हे त्या दोन नावांत लिहिलेलं आहे. भाचा विचारतो, पुढचा अल्बम कधी? ते जपलेले तुकडे संपले असतील तर तो येऊ नये असं मला वाटतं. लोणच्याची बरणी रिकामी झाली की आपण ती धुऊन ठेवतो, तळाशी पाणी घालून वाढत नाही.

दौरे करावेत, खुशाल करावेत. २०२४-२५ च्या दौऱ्यात ड्रमवर मॅट लॉग आणि बेसवर ख्रिस चेनी असे दोघे नवे होते; १९७३ च्या मंडळीतला उरला एकटा हाफपँटवाला. त्या दौऱ्याच्या चित्रफिती मी पाहतो. अँगस पुढे धावतो, लोक ओरडतात. मागे ड्रमच्या शेजारी, त्याच जागी, पुतण्या खाली मान घालून उभा असतो. ध्रुपदाची ओळ येते. तो चार पावलं पुढे येऊन ती म्हणतो, आणि चार पावलं मागे जातो. कॅमेरा तोवर अँगसकडे गेलेला असतो.