नदीकाठचे श्रीमंत गाव आणि गवती टोपीतला ख्रिस्त

ज्यांची ताटे भरलेली आहेत, घरांना रंग नवा आहे आणि रविवारची दुपार नदीवर घालवायची आधीच ठरलेली आहे, त्यांच्यापुढे सुवार्ता सांगावी तरी कशी? दुःखिताला प्रभूची गरज पटवून द्यावी लागत नाही. सुखवस्तू माणसाला मात्र पटवावी लागते. वेदीवरून बोलताना आम्हांला नेहमी छळणारा हा प्रश्न एका इंग्रज चित्रकाराने आयुष्यभर रंगांतून विचारला. त्याचे नाव स्टॅन्ली स्पेन्सर (1891-1959). त्याच्या चित्रांकडे वाचकांनी आमच्यासह थोडा वेळ पाहावे, अशी विनंती आहे.

स्पेन्सर यांचे कुकम हे गाव लंडनच्या पश्चिमेला थेम्स नदीच्या वळणावर वसलेले आहे. नदीवर 1867 सालचा लोखंडी पूल, पुलाजवळ पवित्र त्रैक्याचे जुने चर्च आणि दफनभूमी, तेथून जवळच विटांच्या घरांचा एकच मुख्य रस्ता. रेल्वे आली तसे शहरातील पैसेवाले उन्हाळ्यात होड्या वल्हवायला येऊ लागले. पुढे कामासाठी रोज लंडनला जाणारी मंडळी येथे स्थायिक झाली. आज येथे घर घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. देशातील अतिश्रीमंत खेड्यांत कुकमची गणना होते. शांत, नीटनेटके, स्वतःवर खूश असलेले असे हे गाव.

पण स्पेन्सर या गावात श्रीमंत पाहुणा म्हणून आले नव्हते. त्यांचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि संगीत शिकवीत. लंडनच्या स्लेड कलाशाळेत असताना हा मुलगा रोज आगगाडीने घरी परते. सोबत्यांनी त्याचे नावच ‘कुकम’ ठेवले. बायबलमधील प्रसंग त्याने गावातच घडताना पाहिले. 1920 सालच्या ‘शेवटचे भोजन’ या चित्रात शिष्य गावातील माल्टच्या कोठारात, लाल विटांच्या भिंतीपाशी बसले आहेत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रात प्रभू क्रूस घेऊन गावच्या रस्त्याने चालला आहे.

नदीचेही तसेच. थेम्सवरील राजहंसांची दरवर्षी जुलैत मोजणी होते, त्यांना खुणा केल्या जातात. ‘कुकममधील राजहंस-मोजणी’ हे चित्र स्पेन्सर यांनी 1915 मध्ये सुरू केले, अर्धवट टाकून ते युद्धावर गेले आणि 1919 मध्ये परतून ते पुरे केले. या चित्राची कल्पना त्यांना चर्चमध्ये बसले असताना सुचली. नदीवर जाणाऱ्यांचे आवाज आत येत होते आणि ती नदी चर्चचाच एक वाढीव भाग आहे असे त्यांना वाटले. बाहेरच्या गलबल्याने उपासनेत व्यत्यय येतो म्हणून आम्ही धर्मगुरू किती वेळा कपाळाला आठ्या घालतो! या माणसाने तो गलबलाच उपासनेत सामील करून घेतला.

‘पुनरुत्थान, कुकम’ (1924-27) हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. लांबी सुमारे साडेपाच मीटर. गावच्या दफनभूमीतून मृत उठत आहेत. कोणी आपल्याच थडग्याचा दगड न्याहाळतो, कोणी थडग्यावरच्या वेलींत अजून पहुडलेला आहे. चित्रकाराची पत्नी हिल्डा एकाहून अधिक ठिकाणी दिसते. चर्चच्या दारात बालकांना कवेत घेतलेला ख्रिस्त आहे. डाव्या कोपऱ्यात, दूर नदीवर, उठलेले लोक सहलीच्या आगबोटीतून स्वर्गाकडे निघाले आहेत.

चित्र अतिशय गोड आहे, आणि आमचा आक्षेपही नेमका तेथेच आहे. येथे घाई नाही, भय नाही, उजवी-डावी बाजू नाही. भुकेल्याला अन्न दिलेस का, हे विचारणारा न्यायाधीश कुठे आहे? श्रीमंत गावाला त्याच्या बागेसह, त्याच्या आगबोटीसह जसेच्या तसे स्वर्गात पोहोचवणे ही श्रद्धा की गावाची खुशामत? केवळ या एका चित्रावर थांबलो असतो, तर आमचा निकाल कठोर झाला असता.

परंतु स्पेन्सर येथे थांबले नाहीत. बर्गक्लेअर येथील स्मारक-प्रार्थनालयाच्या भिंतीवर (1927-32) त्यांनी मॅसिडोनियातील साधे सैनिक कबरींतून उठून आपापले क्रूस ख्रिस्ताच्या हाती देताना रंगवले. दुसऱ्या महायुद्धात ते स्कॉटलंडच्या क्लाइड नदीकाठी जहाजबांधणी कामगारांची चित्रे काढण्यास गेले, आणि युद्धानंतर त्या पोर्ट ग्लासगोच्या कष्टकऱ्यांचेही पुनरुत्थान त्यांनी चितारले (1947-50). म्हणजे स्वर्गाला लागलेली नदी केवळ होड्या बाळगणाऱ्यांची नव्हती. जेथे माणसे आहेत तेथे ती वाहते.

मग आयुष्याच्या अखेरीस ते पुन्हा कुकमच्या नदीकडे वळले. त्यांच्या मनात एक चर्च होते, जे कधीच बांधले गेले नाही: त्यात गावचा रस्ता मुख्य दालन होणार होता आणि थेम्स नदी बाजूचे दालन. त्या बाजूच्या दालनासाठी ‘कुकमच्या नौकाशर्यतीत ख्रिस्ताचा उपदेश’ ही चित्रमालिका होती. नदीत सपाट तळाच्या होड्यांची दाटी, गाद्यांवर रेललेले शौकीन लोक, काठावर हॉटेलची हिरवळ. 1956-57 च्या एका चित्रात तर त्या हिरवळीवर जेवणाची टेबलेच मांडली जात आहेत. आणि या सगळ्याच्या मधोमध, घोडे पलीकडे नेणाऱ्या जुन्या तरीत, वेताच्या खुर्चीत गवती टोपी घातलेला ख्रिस्त पुढे झुकून, जिवाच्या आकांताने बोलतो आहे.

शिमोनाच्या तारवात बसून प्रभूने काठावरच्या लोकसमुदायाला शिकविले, हे लूकच्या शुभवर्तमानातून आपण ऐकतो. तो समुदाय वचन ऐकण्यासाठी दाटीवाटीने जमला होता. कुकमचे लोक शर्यत पाहायला जमले आहेत. उपदेश त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत नाही. पहिल्या चित्रातला ख्रिस्त दारात शांत बसला होता, हा मात्र खुर्चीतून जवळजवळ उठलाच आहे. आमच्या आक्षेपाला येथे उत्तर मिळते. चित्रकाराने गावाचा धिक्कार केला नाही, त्याची होडी हिरावून घेतली नाही. पण शांततेचा भंग करणारा एक आवाज त्याच्या मध्यभागी आणून बसवला. न्यायाचा दिवस त्याने शेवटाकडे ढकलला नाही, शर्यतीच्या दुपारीच आणून ठेवला.

डिसेंबर 1959 मध्ये स्पेन्सर वारले तेव्हा मोठे चित्र अपुरे होते. बालपणी ते ज्या मेथडिस्ट प्रार्थनामंदिरात जात, तेथे 1962 पासून त्यांचे कलादालन आहे. हे चित्र आज तेथेच आहे. काही भाग रंगलेला, उरलेल्या कॅनव्हासवर नुसत्या पेन्सिलीच्या रेषा. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना अजून रंगच मिळालेला नाही.

आमच्या मते हे अपुरेपण त्या चित्राला शोभते. आपल्याही खाडीकाठच्या गावांत कौलारू घरांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. आपल्याही रविवारी मिस्सा आटोपून जायची ठिकाणे वाढली आहेत. त्यात पाप नाही. पण गर्दीत कोणी वेताच्या खुर्चीतून पुढे झुकून आपल्याशी बोलत असेल, तर होडी क्षणभर थांबवायची की वल्हे मारीत पुढे जायचे, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्यापुरते ठरवायचे आहे.