‘प्रयोग’, देह आणि स्थल : काही समकालीन कलावंतांच्या निमित्ताने

‘परफॉर्मन्स आर्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलाप्रकारास मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता परिभाषेचा, कोशकाराच्या मेजावर सुटण्याजोगा वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. ‘सादरीकरण कला’ हा शब्द सध्या बराच रूढ होऊ पाहत आहे. परंतु ‘सादर करणे’ या क्रियापदात समोर कोणी तरी वरिष्ठ बसला आहे, अशी छटा आहे. आपण अर्ज सादर करतो, हिशेब सादर करतो. ज्या कलेत कलावंत स्वतःचा देह हेच माध्यम करतो आणि ‘मी येथे का, आणि मी येथला का’ असे विचारतो, त्या कलेला हा अर्जदाराचा पवित्रा शोभत नाही. याउलट ‘प्रयोग’ हा शब्द आपल्या अंगवळणी पडलेला आहे. नाशिकच्या महाकवी कालिदास कलामंदिराबाहेर ‘आजचा प्रयोग’ असा फलक दिसला, की त्याचा अर्थ कोणास विचारावा लागत नाही. प्रयोगशाळेतही प्रयोग होतो. आणि मराठीच्या विद्यार्थ्यास तिसरा अर्थ ठाऊक असतो : कर्तरी, कर्मणी आणि भावे. एकाच शब्दाने नाटक, परीक्षण आणि वाक्यातील सत्तासंबंध या तिन्ही गोष्टी सुचवाव्यात, ही सोय आपल्या भाषेने आपणांस दिलेली आहे. म्हणून प्रस्तुत लेखात ‘प्रयोगकला’ हाच शब्द योजिला आहे.

मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून प्रयोगांची चर्चा पुष्कळ झाली आहे. ती येथे उगाळण्याचे कारण नाही. आपल्या कामापुरते एवढे पुरे, की क्रियापदाच्या रूपावर वाक्यातील कोणाचा अंमल चालतो, हा प्रयोगविचारातील मुख्य प्रश्न होय. ‘चित्रकार चित्र काढतो’ येथे कर्त्याचा अंमल. ‘चित्रकाराने चित्र काढले’ येथे कर्ता तृतीयेत सरला आणि चित्राने क्रियापद आपल्याकडे ओढले. ‘रामाने रावणास मारले’ येथे दोघांचेही चालत नाही. क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात तटस्थ उभे राहते. आणि ‘उजाडले’, ‘सांजावले’ येथे तर कर्ताच दाखवता येत नाही. कलाकृतीची वर्गवारी करण्यासाठी ही चौकट वापरू नये. तसे करणे म्हणजे व्याकरणाचाही अपमान आणि कलेचाही. परंतु देह, स्थल आणि कृती यांत अंमल कोणाचा, हा प्रश्न मात्र या चौकटीमुळे नेमका विचारता येतो.

रुम्माना हुसेन (१९५२–१९९९) यांच्यापासून आरंभ करणे योग्य. ६ डिसेंबर १९९२ ची घटना आणि त्यानंतरच्या मुंबईतील दंगली यांपूर्वी त्या चित्रकार होत्या. त्यानंतर त्यांच्या कामात फुटलेली मातीची भांडी, आरसे आणि अखेर स्वतःचा देह आला. १९९५ साली मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स येथे त्यांनी ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ हा प्रयोग केला. पायांत घुंगरू, हातांत मधोमध चिरलेली पपई आणि मोठे उघडलेले तोंड. त्या तोंडातून आवाज नाही. अशा स्थितीत त्या चालत राहिल्या. पुढे १९९८ मधील ‘इज इट व्हॉट यू थिंक’ या प्रयोगात शब्द आले. पण कसे आले? संहिता जवळजवळ सगळी प्रश्नार्थक, आणि प्रश्न ‘ती’च्याविषयी. समोर बसलेली व्यक्ती स्वतःविषयी बोलत आहे हे दिसत असूनही ‘मी’ हे सर्वनाम उच्चारले जात नाही. त्या वेळी शस्त्रक्रियेने खंडित झालेला त्यांचा देहही प्रेक्षकांसमोर होता.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे थबकावे लागते. एमिल बांव्हेनिस्त यांनी १९५६ साली सर्वनामांच्या स्वरूपाविषयी लिहिताना दाखविले, की ‘मी’ या शब्दास कोशातला अर्थ नाही. जो बोलतो तो, बोलण्याच्या त्या क्षणापुरता, ‘मी’ होतो. ‘ती’ मात्र संवादाबाहेरची. तिच्याविषयी बोलले जाते, तिच्याशी नाही. हुसेन यांनी पहिल्या प्रयोगात ‘मी’ची जागा मोकळी ठेवली आणि दुसऱ्या प्रयोगात स्वतःस ‘ती’ केले. एका शहरात वर्षानुवर्षे राहणाऱ्या बाईस एका हिवाळ्यात कळते, की आपण संवादातून बाहेर पडलो असून आता आपल्याविषयी केवळ विचारपूस चालू आहे. ही गोष्ट कोणत्याही निवेदनाहून या एका सर्वनामाने अधिक सांगितली. पपई म्हणजे गर्भाशय, पपई म्हणजे घुमट, असे अर्थ अनेकांनी लावले आहेत. ते चुकीचे नाहीत, पण मला ते थोडे घाईचे वाटतात. प्रतीक लवकर सापडले, की उघड्या तोंडातल्या शांततेकडे लक्ष देण्याची आवश्यकता उरत नाही.

देह आणि स्थल यांविषयी मराठीस स्वतःचे असे काही म्हणावयाचे आहे, ते येथे नोंदविणे इष्ट. ‘अंगात येते’ हा वाक्प्रचार पाहा. कोण येते, ते सांगितलेले नाही, क्रियापद नपुंसकलिंगी, आणि ‘अंग’ सप्तमीत, म्हणजे अधिकरणात. देह हा येथे कर्ता नव्हे, कर्मही नव्हे. तो जागा आहे. ‘अंगावर येणे’, ‘अंगाशी येणे’, ‘अंगी लागणे’, ‘अंगवळणी पडणे’ या सर्वांत देहाला गावासारखे शिवार आहे. त्यात माणसे, संकटे, सवयी येतात आणि जातात. उलटपक्षी, गाव देहाला चिकटते. ‘नाशिकचा’, ‘नाशिकची’ या रूपांत स्थलाला व्यक्तीचे लिंगवचन घ्यावे लागते. ‘नाशिककर’ म्हटले की स्थल थेट आडनावात शिरते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्याच्याही आडनावात पुष्कळदा ते गाव असते. आपल्या सामाजिक इतिहासातील या विसंगतीकडे नामव्युत्पत्तीच्या अभ्यासकांनी जेवढे लक्ष द्यावयास हवे होते, तेवढे दिलेले नाही.

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या भागांत आणि लगतच्या जव्हार–मोखाड्याकडे बोहाडा होतो. रात्री मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकेक सोंग निघते. अनेक ठिकाणी अमुक सोंग अमुक घराण्याचे, हा मान ठरलेला असतो. मुखवटा चढविल्यावर माणसाचे नाव मागे पडते, परंतु त्याचे घर मागे पडत नाही. कारण ते सोंग त्या घराचे म्हणूनच तो ते वागवितो. आजच्या प्रयोगकलेचा उगम बोहाड्यात शोधण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरावा. बोहाड्यातील माणूस आपलेपणाचा शोध घेत नसतो. ते त्याला मिळालेलेच असते, आणि कधी कधी त्याचे ओझेही असते. समकालीन कलावंताचा आरंभ याच्या नेमक्या उलट टोकापासून होतो.

निखिल चोपडा यांच्याविषयी हे विशेषेकरून खरे आहे. १९७४ साली कलकत्त्यात जन्मलेले आणि बडोद्यास व पुढे अमेरिकेत शिकलेले हे कलावंत गोव्यात स्थायिक झाले; तेथे २०१४ साली माधवी गोरे व रोमँ लुस्तो यांच्यासह त्यांनी एच. एच. आर्ट स्पेसेस ही संस्था काढली. त्यांचे ‘योगराज चित्रकार’ हे पात्र त्यांच्या आजोबांवरून घेतलेले आहे. आजोबा काश्मीरची निसर्गचित्रे काढीत. २००७ मध्ये हे पात्र श्रीनगरच्या लाल चौकात गेले. त्या प्रयोगाच्या इंग्रजी शीर्षकात ‘भेट देतो’ या अर्थाचे क्रियापद आहे. भेट देणे ही पाहुण्याची क्रिया होय. आजोबांच्या मुलुखात नातू पाहुणा म्हणून जातो, हे शीर्षकानेच कबूल केले आहे, आणि ही कबुली मला त्या प्रयोगातील सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

चोपडा यांची पद्धत अशी : तासन्‌तास, दिवसेंदिवस एकाच ठिकाणी राहावयाचे, वेष पालटावयाचे, झोपावयाचे, आणि भोवतालाचे प्रचंड चित्र काढीत जावयाचे. २०१९ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते नऊ दिवस राहिले. दीर्घ काल हा येथे अलंकार नाही. आरंभी प्रयोग ठळकपणे कर्तरी असतो : वेष त्यांचा, चित्र त्यांचे, नजरा त्यांच्यावर. मग थकवा येतो. थकलेल्या देहावर स्थलाचा अंमल चालू होतो, आणि एखाद्या क्षणी सगळा प्रयोग ‘उजाडले’ या वाक्यासारखा कर्त्यावाचून उभा राहतो. हे त्यांचे यश. परंतु पुढचा वेष चढला, की कर्ता पुन्हा मिरवू लागतो. शिवाय न्यूयॉर्कच्या त्या प्रयोगाच्या नावात भूमी, जले, आकाशे अशी सगळी अनेकवचने आहेत. सर्वच भूमी आपल्या म्हटल्या, की एकीचीही जबाबदारी अंगावर येत नाही. १२ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झालेले कोची–मुझिरिस द्वैवार्षिक प्रदर्शन चोपडा यांनी आपल्या संस्थेसह रचिले. त्याचे ‘फॉर द टाइम बीइंग’ हे नाव मराठीत ‘तूर्तास’ असे होईल. ‘तूर्तास’ हा त्यांच्या साऱ्या कलेचा क्रियाविशेषण म्हणून चांगला आहे. भाडेकरूच्या तोंडी तो शब्द वेगळा लागतो आणि निर्वासिताच्या तोंडी वेगळा, हा भेद मात्र त्यांच्या कामात पुरेसा उमटत नाही.

नाशिकमध्ये बसून या विषयावर लिहिणाऱ्यास काळाराम मंदिराचा दरवाजा ओलांडून पुढे जाता येत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुष त्या मंदिराशी गेले. दरवाजे बंद करण्यात आले. दादासाहेब गायकवाड प्रभृतींनी तो लढा पुढे काही वर्षे चालविला. देह, स्थल आणि ‘आम्ही येथले’ हा दावा, तिन्ही घटक तेथे आहेत. त्यामुळे अलीकडे काही अभ्यासक अशा सत्याग्रहांनाही ‘परफॉर्मन्स’ म्हणू लागले आहेत. मला हे मान्य नाही. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या व्याख्यानांत (ग्रंथरूप १९६२) बोलण्याने कृती घडविणाऱ्या वचनांचा विचार करताना रंगभूमीवरील वचने बाजूस काढली. नाटकातल्या लग्नाने लग्न लागत नाही, तेथे वचन पोकळ होते. प्रयोगकला या अपवादाशी भांडते, कारण तिच्यातील उपास, जखम, थकवा हे खरे असतात. तरीही तिला एक चौकट असते. ठरलेल्या वेळी कलावंत घरी जातो. सत्याग्रह्याला चौकट नव्हती. त्यास प्रेक्षक नको होते. दार उघडावयास हवे होते. त्याच्या देहाकडे सौंदर्यदृष्टीने पाहणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा बाहेर उभे करणे होय.

ऑस्टिनचे खरे उदाहरण हवे असल्यास ते याच जिल्ह्यात येवले येथे आहे. हिंदू म्हणून मरणार नाही, ही डॉ. आंबेडकरांची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. ती पुरी झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात. एका वाक्याच्या सिद्धीस एकवीस वर्षे लागली, आणि त्या वर्षांत त्याचा एकही शब्द पोकळ झाला नाही. प्रयोगकलेचे मोजमाप करताना ही फूटपट्टी जवळ असावी. तिने कोणास लहान ठरवावयाचे म्हणून नव्हे, तर ‘कृती’ हा शब्द आपण किती स्वस्त करीत आहोत, ते कळावे म्हणून.

तुषार जोग (१९६६–२०१८) यांनी हा हिशेब बहुधा ओळखला होता. २०१० साली ते मोटारसायकलवरून मुंबईहून शांघायला गेले. सरदार सरोवर आणि चीनमधील तीन घळींचे धरण ही दोन विस्थापने त्यांनी एका वाटेवर आणली, आणि वाहनास डॉन किहोतेच्या घोड्याचे, रोसिनांतेचे, नाव दिले. आपली कृती जग बदलणार नाही, हे त्या नावातच हसून सांगितलेले आहे.

अमोल पाटील हे १९८७ साली मुंबईत जन्मलेले. आजोबा पोवाडे रचीत, वडील प्रायोगिक नाटके लिहीत. म्हणजे ‘प्रयोग’ हा शब्द घरातलाच. २०२२ च्या कासेल येथील पंधराव्या डॉक्युमेंटात त्यांचे ‘ब्लॅक मास्क्स ऑन रोलर स्केट्स’ हे काम होते. पायांत चाके, हातात झाडू आणि सोबत रेडिओ घेतलेला मुंबईचा सफाई कामगार त्यात येतो. चोपडा यांच्यापेक्षा पाटील यांचे साहित्य तुटपुंजे, आणि काही ठिकाणी त्यांची मांडणी अपुरी वाटते. पण वाक्याचा अंमल कोठे आहे, याची त्यांची जाण अधिक पक्की आहे. ‘त्याने रस्ता झाडला’ या वाक्यात क्रियापद रस्त्याशी जुळते. कचेरीच्या अहवालात ‘रस्ता झाडण्यात आला’ असे होते, आणि ‘त्याने’ हेही गळते. झाडणारा देह व्याकरणातून जसा नाहीसा होतो, तसाच तो सकाळच्या शहरातून. पाटील त्याला व्यासपीठावर आणून त्याच्याकडून भाषण करवीत नाहीत. त्याची सहानुभूतीही मागत नाहीत. ते त्याला चाके देतात, त्यामुळे झाडणे हे क्षणभर घसरणे होते; आणि रेडिओ देतात. झाडू चालू असतानाच तो गाणे ऐकतो. ‘तो ऐकतो’ : या वाक्यात कर्ता प्रथमेत आहे.