कच्च्या रेषेतले शहर

सुधीर पटवर्धन यांच्या शहरचित्रांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे त्यांमागील कच्च्या रेखाटनांचा विचार करू इच्छितो. पुण्यात जन्मलेले आणि २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेले हे चित्रकार रस्ते, स्थानके, माणसे प्रथम कागदावर टिपतात आणि मग कॅनव्हासकडे वळतात. अशा टिपणांत शहराची अनित्यता दिसते, असे सहज म्हटले जाते. ती नेमकी कोठे दिसते?

रेषा पुसट आहे, आकृती अर्धवट सोडली आहे, म्हणून तेथे क्षणभंगुरता आहे, हे वाचन आम्हांस मान्य नाही. पूर्वतयारीची रेषा पुसटच असते. देहाचा भार कोठे पडतो, पुलाचा उतार कोठून सुरू होतो, याचा ती शोध घेत असते. सुताराने फळीवर मारलेली खूण म्हणजे काही खुर्चीच्या नश्वरतेवरील भाष्य नव्हे. अनित्यता शोधावयाची ती कागद आणि कॅनव्हास यांमधील अंतरात. काय उचलले गेले, काय गळाले, हे तेथे कळते.

‘लोअर परळ’ (२००१) ह्या चित्रापाशी हा प्रश्न धारदार होतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींवर नव्या बांधकामाची वाट मोकळी केली. अशा ठिकाणी दोन भेटींमध्ये समोरचे दृश्य तेच राहील, याची शाश्वती नसते. कच्चे रेखाटन मग तयारीपुरते उरत नाही. ते साक्ष होते. पूर्ण चित्रात जुने आणि नवे एकाच प्रकाशात मांडावे लागते, आणि त्या मांडणीत साक्षीची धार बोथट होण्याचा धोका असतो. पटवर्धन तो टाळतात ते माणसांच्या बळावर; त्यांची माणसे त्या जागेत पाय रोवून असतात.

सोमेश्वरनगरच्या वाचकांना हे परके वाटू नये. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होताच ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात आणि पट्टा पडला की मोडल्या जातात. राखेच्या बुधवारी आपण मातीला मिळण्याचे स्मरण करतो, ते सर्वांना सारखेच लागू असते. घर मोडले जाणे मात्र सर्वांच्या वाट्याला येत नाही. त्यामागे कोणाचे तरी निर्णय असतात. हा फरक जी रेषा झाकत नाही, तिलाच आम्ही प्रामाणिक म्हणू. पटवर्धनांची रेखाटने पाहताना रसिकांनी हीच कसोटी लावावी.