मराठी ख्रिस्ती उपासनेतील गीतनिवड : गिरणगावाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास बहुधा कवी आणि त्यांच्या संहिता यांच्याभोवती फिरतो. त्या रचना उपासनेत प्रत्यक्ष कोणत्या प्रसंगी, कोण आणि कशा गातात, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेर राहतो. वस्तुतः रविवारच्या उपासनेसाठी चार-पाच गीते निवडणे ही एक वाङ्मयीन निवडच होय. सामान्य उपासकाच्या ओठी वर्षानुवर्षे जे शब्द बसतात, त्यांतूनच त्याची श्रद्धा आकार घेते. प्रवचन विसरले जाते, गीत राहते. म्हणून या निवडीचे निकष तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परंपरेचे तीन प्रवाह

मराठी मंडळ्यांच्या गीतसंचितात तीन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह मिशनऱ्यांच्या काळापासून आलेल्या, पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांचा आहे. दुसरा देशी छंदांतील भजने, पदे व अभंगांचा. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील कृष्णराव सांगळे यांच्या पिढीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तन व पदरचना ख्रिस्ती उपासनेत आणली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (मृत्यू १९१९) या प्रवाहाला काव्याची उंची दिली. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात हे दोन्ही प्रवाह एकत्र आढळतात. तिसरा प्रवाह अलीकडचा, हिंदी व इंग्रजी स्तुतिगीतांचा असून तो ध्वनिमुद्रणे व पडद्यावरील शब्द यांच्या साहाय्याने पसरला आहे.

त्याही आधी फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवी निवडली होती. देशी छंदाचा स्वीकार ही आधुनिक काळातील तडजोड नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

छंदाचा प्रश्न

भाषांतरित गीतांविषयीचा आक्षेप सहसा परकेपणाचा असतो. हा आक्षेप अपुरा आहे. खरा प्रश्न छंदशास्त्रीय आहे. इंग्रजी स्तोत्रांचा एक प्रचलित साचा आठ-सहा-आठ-सहा अवयवांचा असून तो आघातांच्या क्रमावर उभा असतो. मराठी पद्य अशा आघातांवर उभे नाही. ते अक्षरसंख्येवर, मात्रांवर किंवा लघुगुरुक्रमावर चालते. चार आवाजांसाठी बांधलेल्या चालीत स्वरांची लांबी आधीच ठरलेली असते. तिच्यात मराठी शब्द बसवताना ऱ्हस्व अक्षर लांब स्वरावर येते आणि 'दिन'चा 'दीन', 'सुत'चा 'सूत' होण्याची वेळ येते. येशूला देवाचा 'सुत' म्हणताना उच्चारात सूत उमटावे, ही गिरणगावात तरी विशेष अडचणीची गोष्ट आहे.

अभंगातही अक्षरे ताणली जातातच. परंतु तेथे चाल शब्दांना वाव देते. मोठ्या अभंगाचे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांतील यमक स्मरणाला आधार देतात. ध्रुवपद परत परत येत असल्याने पुस्तक हाती नसलेला, किंवा वाचता न येणारा उपासकही गाण्यात सामील होतो. सामुदायिक गायनाच्या दृष्टीने हा गुण निर्णायक मानला पाहिजे.

लालबागचा शेजार

लालबाग-परळच्या चाळींनी भजनी मंडळे, कोकणातून आलेली डबलबारी, शाहिरांचे पोवाडे आणि गणेशोत्सवाचा गजर ऐकला आहे. या शेजारात वाढलेल्या ख्रिस्ती माणसाच्या कानाला टाळ-मृदंगाची लय परकी नसते. लालबागच्या दक्षिणेस असलेल्या भायखळ्याचे ह्यूम मेमोरियल चर्च अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील आहे. पेटी की ऑर्गन हा वाद या परिसरात केवळ वाद्यांचा राहत नाही. शेजाऱ्यांशी आपला सूर जुळतो की नाही, असा तो प्रश्न असतो.

येथे मात्र सावधगिरी हवी. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची धारणा होती. महाराष्ट्रातील असंख्य ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार-मांग समाजांतून आले. त्यांच्यासाठी तो सेतू तितका मोकळा नव्हता. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या पायरीशी आहे आणि त्या मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. म्हणून अभंगाला सरसकट 'आपली संस्कृती' म्हणणे कोणाच्या आठवणीवर मीठ चोळणारे ठरू शकते. त्याच वेळी अभंग जितका तुकोबांचा तितकाच चोखोबांचाही आहे. त्यावर पायरीशी थांबवलेल्यांचा हक्क अधिक आहे, कमी नाही. ही जाणीव ठेवून निवडलेले भजन आणि केवळ देशीपणाची खूण म्हणून निवडलेले भजन यांत मोठे अंतर आहे.

निवडीचे निकष

दुसरी मर्यादा आशयाची आहे. टिळकांच्या अभंगांचा स्वर बहुतांशी 'मी' आणि 'तू' यांच्या जवळिकीचा आहे. एकांतातील भक्तीस तो अनुकूल आहे. परंतु सामुदायिक पापकबुली, प्रभुभोजन, मृतांचा निरोप किंवा न्यायाची याचना यांना 'आम्ही'चा स्वर लागतो. तो पुष्कळदा स्तोत्रसंहितेच्या पद्यरूपांतरांत आणि कित्येक भाषांतरित गीतांत सापडतो. नवी स्तुतिगीते तरुणांना उपासनेत बोलते करतात, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. मात्र त्यांतील पुष्कळ गीते स्तुतीवरच थांबतात. १९८२ च्या संपानंतर कामाला मुकलेल्या गिरणगावाला विलापाची भाषाही हवी होती. स्तोत्रसंहितेत ती विपुल आहे, केवळ स्तुतिगीतांच्या यादीत ती मिळत नाही.

पौलाने करिंथकरांस लिहिताना आत्म्याने आणि बुद्धीनेही गाण्याचा आग्रह धरला आहे. संत ऑगस्टीन यांना गीताच्या अर्थापेक्षा गाण्यानेच आपण अधिक हेलावतो याची खंत वाटे. या दोहोंच्या प्रकाशात तीन प्रश्न उपयुक्त ठरतात. उपासनेच्या या टप्प्यावर जे म्हणायचे ते हे गीत म्हणते काय? वाद्यवृंद थांबला तरी मंडळी ते गाऊ शकेल काय? आणि हे शब्द उच्चारताना मंडळीतील कोणाला स्वतःचा इतिहास गिळावा लागतो काय? दुसऱ्या प्रश्नात पट्टीचाही विचार येतो. कुशल गायकाला सोयीची उंच पट्टी वृद्धांना गप्प बसवते.

समारोप

गीताचा उगम देशी की परदेशी, जुना की नवा, यावरून त्याची योग्यता ठरत नाही. भाषांतरित गीत छंदाच्या कसोटीवर, भजन प्रसंगाच्या कसोटीवर आणि नवे स्तुतिगीत आशयाच्या व्याप्तीवर तपासले गेले पाहिजे. आज ही निवड बहुधा सवयीने अथवा गायकवृंदाच्या पसंतीने होते. पाळक, गायक आणि भाषेचे अभ्यासक यांनी ती एकत्र बसून केली, तर महाविद्यालयांतील मराठी विभागांनाही एका दुर्लक्षित वाङ्मयप्रकाराचे दार उघडेल. जे गीत मंडळीतील शेवटच्या बाकावरच्या माणसाला गाता येत नाही, ते कितीही सुंदर असले तरी उपासनेचे गीत नव्हे.