प्रेम दिसतं, जाब दिसत नाही

‘संडरलँड टिल आय डाय’ या मालिकेच्या पहिल्या भागात एक पाद्री चर्चमध्ये फुटबॉल क्लबसाठी प्रार्थना करतो. गंमत म्हणून नाही, अगदी मनापासून. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे शहर. १९८८ मध्ये तिथली जहाजबांधणी संपली, १९९३ मध्ये वेअरमाउथची कोळसा खाण बंद झाली आणि त्या खाणीच्याच जागेवर १९९७ मध्ये क्लबचं ‘स्टेडियम ऑफ लाइट’ उभं राहिलं. बाहेर खाणकामगारांच्या दिव्याचं स्मारक आहे. गोदी गेली, खाण गेली, क्लब तेवढा उरला. तो हरतो तेव्हा या लोकांचं काय होतं, हे नेटफ्लिक्सवरच्या या मालिकेइतकं जवळून फार कमी ठिकाणी पाहायला मिळतं.

मालिका चांगली आहे, हे आधी सांगून टाकतो. डिसेंबर २०१८ मध्ये तिचा पहिला सीझन आला. बनवणारी कंपनी फुलवेल ७३. जुन्या मैदानातला फुलवेल स्टँड आणि १९७३ चा एफए कप यांच्यावरून कंपनीने स्वतःचं नाव ठेवलंय. म्हणजे कॅमेऱ्यामागे पाहुणे नाहीत, घरचेच लोक आहेत. त्यामुळे चाहत्यांकडे कुतूहलाने वाकून बघण्याचा आगाऊपणा इथे नाही. टॅक्सीवाला, कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाई, बापाबरोबर स्टँडमध्ये बसलेली पोरं, सगळ्यांना मालिका मानाने वागवते. माझी तक्रार दुसरीच आहे. या लोकांचं प्रेम ती इतकं सुंदर दाखवते की त्यांचा राग कुठे जातो, हे सांगायचं राहूनच जातं.

पहिला सीझन २०१७-१८ च्या हंगामाचा. क्लब नुकताच प्रीमियर लीगमधून खाली घसरलाय. मालक एलिस शॉर्ट, अमेरिकन फायनान्सवाला. पैसे घालून कंटाळलेला, क्लब विकायला निघालेला. तो कॅमेऱ्यासमोर येऊन बोलत नाही. त्याच्या वतीने बोलतात मुख्य कार्यकारी मार्टिन बेन, आणि त्यांच्याही हातात फारसं काही नाही. जानेवारीत सर्वाधिक गोल करणारा लुईस ग्रॅबन निघून जातो, कारण तो उसना घेतलेला असतो आणि त्याचा मूळ क्लब बोर्नमथ त्याला परत बोलावतो. नवा खेळाडू घ्यायला पैसे नाहीत. मॅनेजर ख्रिस कोलमन विचारतात, बेन खांदे उडवतात, आणि हंगामाच्या शेवटी क्लब सलग दुसऱ्यांदा खाली जातो.

माझ्या कामात मध्यरात्री सिस्टिम बसली, तर चूक कुणाची हे आम्ही नंतर बघतो. आधी विचारतो, हा निर्णय घ्यायचा अ‍ॅक्सेस कुणाकडे होता? मालिकेचे आठ भाग या नजरेने पाहिले तर लक्षात येतं की पडद्यावर दिसणाऱ्या जवळपास कुणाकडेच तो अ‍ॅक्सेस नाही. सगळे निकालाची वाट बघताहेत. ज्याच्याकडे तो आहे, तो फ्रेमबाहेर आहे. दिग्दर्शकांना मालक भेटला नसेल, तर तो त्यांचा दोष नाही. पण त्याच्या नसण्याचं त्यांनी हवामान करून टाकलंय. पाऊस आला, धुकं आलं, मालकाने पैसे बंद केले. हवामानाला कुणी जाब विचारत नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये गोष्ट फिरते, आणि माझ्या मते ही मालिका तिथेच सर्वात महत्त्वाचं काहीतरी सांगून जाते, बहुधा नकळत. २०१८ मध्ये क्लब स्टुअर्ट डोनाल्ड विकत घेतात. सोबत चार्ली मेथवन. आता मालक सगळीकडे आहे. तो चाहत्यांशी गप्पा मारतो, हसतो, शब्द देतो. मेथवन कर्मचाऱ्यांना फैलावर घेतो आणि सामन्याआधी कोणतं संगीत वाजावं यावरही बोलतो. उन्हाने गुलाबी पडलेल्या खुर्च्या बदलायला चाहते स्वतः श्रमदानाला आले, तेही याच उन्हाळ्यात. बॉक्सिंग डेच्या सामन्याला ४६,०३९ लोक येतात, तिसऱ्या श्रेणीतल्या लीगचा विक्रम होतो. ३१ जानेवारी २०१९ च्या रात्री डोनाल्ड विल ग्रिग या स्ट्रायकरसाठी बोली वाढवत नेतात. आजूबाजूचे लोक इतकी किंमत नको म्हणत असतात, तरी आकडा सुमारे ३० लाख पौंडांवर जातो. पुढे ग्रिगकडून फारसे गोल होत नाहीत. मे महिन्यात वेम्बलीवर चार्ल्टनविरुद्ध ९४ व्या मिनिटाला गोल खाऊन संडरलँड वर जायची संधी घालवतं.

पण खरा हिशेब कॅमेऱ्यात येत नाही. प्रीमियर लीगमधून खाली घसरलेल्या क्लबला सावरायला काही वर्षं ‘पॅराशूट पेमेंट’ मिळतं. शॉर्टना क्लबच्या किमतीपोटी द्यायच्या पैशांतला मोठा वाटा क्लबच्याच या पेमेंटमधून गेला, हे नंतर ताळेबंदातून बाहेर आलं. मालकांची कंपनी क्लबलाच दोन कोटी पौंडांहून जास्त देणं लागत होती. डिसेंबर २०१९ मध्ये चाहत्यांच्या संघटनांनी एकत्र निवेदन काढून डोनाल्डना क्लब विकायला सांगितलं. २०२१ मध्ये किरील लुई-ड्रेफस आला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झालं की त्याच्याकडे ४१ टक्केच हिस्सा आहे. डोनाल्ड आणि मेथवन अजून आत होतेच.

म्हणजे शॉर्ट दिसत नव्हता आणि डोनाल्ड दिसायचा थांबत नव्हता, पण जाब विचारण्याची सोय दोघांच्याही वेळी सारखीच होती. म्हणजे नव्हतीच. मालक किती मैलांवर राहतो याने फार फरक पडत नाही. त्याला उत्तर द्यावं लागतं का, हा मुद्दा आहे. मालिका मात्र दोन सीझनभर मालकाचा स्वभाव मोजत बसते. पहिला तुसडा, दुसरा दिलखुलास.

मग जाब विचारणं दिसतं कसं? बऱ्याचदा कंटाळवाणं, आणि म्हणूनच त्यावर मालिका होत नाही. ब्लॅकपूलच्या चाहत्यांनी ऑयस्टन कुटुंबाविरुद्ध ‘यापुढे एक पेनीही नाही’ म्हणत चार वर्षं स्वतःच्याच मैदानावर पाय ठेवला नाही. सीगल्सच्या आवाजात रिकाम्या खुर्च्या, शनिवारमागून शनिवार. शेवटी मालकांच्या थकलेल्या देण्यापायी न्यायालयाने क्लबवर रिसीव्हर नेमला, आणि ९ मार्च २०१९ ला १५,८७१ लोक परत आले. विंबल्डनचा क्लब २००२ मध्ये मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी एएफसी विंबल्डन हा स्वतःचा क्लब काढला. सार्वजनिक मैदानावर खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या, तळाच्या लीगमधून सुरुवात केली, २०११ मध्ये फुटबॉल लीग गाठली आणि २०२० मध्ये प्लाऊ लेनवर परतले. जर्मनीत तर नियमच आहे, ५०+१. क्लबमधली बहुसंख्य मतं सभासदांची. तरीही लीगने प्रसारण हक्कांतला वाटा गुंतवणूकदाराला विकायचा घाट घातला, तेव्हा २०२३-२४ च्या हिवाळ्यात चाहत्यांनी मैदानात टेनिस बॉल आणि चॉकलेटची नाणी फेकून सामने थांबवले. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने तो करार सोडून दिला.

यातल्या कुठल्याही ठिकाणी चाहत्यांचं प्रेम संडरलँडपेक्षा कमी नव्हतं. संडरलँडमध्येही निवेदन काढणारे, ताळेबंद वाचणारे लोक होतेच. पण मालिकेत चाहता बहुतेक वेळा एकटा भेटतो, गाडीत, सोफ्यावर, पबच्या कोपऱ्यात. बैठकीत, ठराव लिहिताना, मालकाला प्रश्नांची यादी पाठवताना तो क्वचितच भेटतो. एकट्या माणसाचं दुःख पडद्यावर छान दिसतं. संघटनेचं काम दिसत नाही.

हे मी पुण्यात बसून लिहितोय, आणि पुण्यातून या विषयाकडे तटस्थपणे बघता येत नाही. कारण इंग्लिश फुटबॉलमधल्या सर्वात गाजलेल्या ‘गैरहजर’ मालकांपैकी एक आपल्याच गावचे आहेत. नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीजने ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. १९९५ चा प्रीमियर लीग विजेता क्लब, जॅक वॉकर या गावच्याच पोलादवाल्याने मोठा केलेला. महिनाभरात मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढलं. ७ मे २०१२ ला विगनविरुद्धच्या सामन्यात चाहत्यांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली, आणि त्याच संध्याकाळी रोव्हर्स खालच्या श्रेणीत गेले. २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली. आपल्यासाठी वेंकीज म्हणजे डीप फ्रीझरमधले नगेट्स. ब्लॅकबर्नच्या माणसासाठी तो कधीही न उचलला जाणारा फोन आहे.

एक गोष्ट मात्र मालकांच्या बाजूनेही मांडायला हवी. या कुटुंबाने क्लबमध्ये २० कोटी पौंडांहून जास्त ओतलेत. ते थांबले असते तर क्लब बुडालाही असता. पण ब्लॅकबर्नच्या लोकांचं म्हणणं पैशापुरतं नाही. योजना काय, निर्णय कोण घेतं, सामन्याला का येत नाही, हे कुणी सांगेल का, एवढंच ते विचारताहेत. अलीकडे भारतातल्या चौकशीमुळे इंग्लंडला पैसे पाठवायला न्यायालयाची परवानगी लागू लागली, तेव्हा लँकेशरच्या स्थानिक वृत्तपत्रात दिल्ली उच्च न्यायालयाच्या सुनावणीच्या तारखा छापून यायला लागल्या. आपला क्लब पुढचा खेळाडू घेऊ शकेल का, हे कळायला ब्लॅकबर्नच्या माणसाला दिल्लीच्या कोर्टाची तारीख पाहावी लागते. यावर कुणी मालिका काढली तर मी एका रात्रीत बघून संपवीन.

मालक जवळ असले की प्रश्न सुटतो, या समजुतीला उत्तरही पुण्याकडेच आहे. बालेवाडीच्या मैदानात गेलेल्या कुणालाही हा हिशेब ठाऊक असेल. पुणे एफसी २०१५ मध्ये आय-लीगमधून गेला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळून त्याच वर्षी बंद झाला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर दिसला नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची आयएसएलमधली जागा हैदराबादला गेली. पाच वर्षांच्या आत चार क्लब. यातले काही मालक तर पुण्याचेच होते. केशरी जर्सी घालून ओरडणारी पोरंही होती. पण त्यांनी प्रश्न विचारायचा कुठे? सभासदत्व नाही, सभा नाही, भागभांडवलात एक रुपया नाही. तिकीट होतं, ते सामन्याबरोबर संपलं. ब्लॅकबर्नला निदान शिव्या घालायला क्लब उरलाय.

आणि मग आपण, रात्री साडेबारा वाजता फोनवर मॅच लावून बसणारे. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या १२ क्लबांनी सुपर लीग जाहीर केली. त्या आखणीत गावातल्या जुन्या चाहत्यांना ‘लेगसी फॅन्स’ आणि दूरच्या नव्या प्रेक्षकांना ‘भविष्यातले फॅन्स’ म्हटलं जात होतं, अशी बातमी आली. लेगसी हा शब्द आमच्या धंद्यातला आहे. ज्या जुन्या कोडवर सगळी कंपनी चालते, पण ज्याला हात लावायला कुणी तयार नसतं, त्याला आम्ही लेगसी म्हणतो. ते उद्या काढून टाकू असं प्रत्येक नवा मॅनेजर म्हणतो, आणि काढलं की पगारही निघत नाहीत. इंग्लंडमध्ये तेच झालं. लेगसी फॅन्स रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. २ मेला ओल्ड ट्रॅफर्डमध्ये चाहते घुसले, युनायटेड-लिव्हरपूल सामना पुढे ढकलावा लागला. २००५ मध्ये क्लबवरच कर्ज चढवून तो विकत घेणाऱ्या ग्लेझर कुटुंबातले जोएल ग्लेझर जूनमध्ये पहिल्यांदा चाहत्यांच्या फोरमसमोर बसले. १६ वर्षांनी.

त्या आखणीतले ‘भविष्यातले फॅन्स’ म्हणजे तुम्ही आणि मी. मैदानावरचा माणूस बहिष्कार टाकतो, तेव्हा मालक निश्चिंत राहू शकतो, कारण त्याच्या हिशेबात आपलं सबस्क्रिप्शन चालू असतं. मालक गैरहजर आहे खरं, पण आपणही गैरहजरच आहोत, आणि आपल्या गैरहजेरीवर त्याचा धंदा चालतो. ‘संडरलँड टिल आय डाय’ आपल्यासाठीच बनलीय. दूरच्या प्रेक्षकाने हळवं व्हावं, दोन थेंब गाळावेत आणि पुढचा भाग लावावा. ती हे काम उत्तम करते. दूरच्या प्रेक्षकाचाही यात काही हात आहे का, हे ती कधी विचारत नाही.

२०२४ मध्ये तिसरा सीझन आला, तीनच भागांचा. संडरलँड तिसऱ्या श्रेणीतून वर चढतं, सगळे रडतात, मालिका संपते. २०२५ च्या मे महिन्यात क्लब पुन्हा प्रीमियर लीगमध्येही पोहोचला. त्यानंतर दोन महिन्यांनी ब्रिटिश संसदेचा फुटबॉल कारभाराचा कायदा झाला. आता एक स्वतंत्र नियामक मालकांची पात्रता तपासणार, आणि महत्त्वाच्या निर्णयांवर चाहत्यांशी सल्लामसलत करणं क्लबांवर बंधनकारक होणार. हा कायदा काही आकाशातून पडला नाही. मैदानाबाहेर उभं राहून, रिकाम्या खुर्च्या ठेवून, ताळेबंदांची पानं उलटून लोकांनी तो वीस-पंचवीस वर्षांत ओढून आणला. पाद्र्याच्या प्रार्थनेइतकीच जागा त्या पानं उलटणाऱ्यांना मिळाली असती, तर मालिका कदाचित थोडी रटाळ झाली असती. आपल्याला मात्र ती जास्त उपयोगी पडली असती, कारण बालेवाडीत पाचवा क्लब आला तर पहिल्या दिवशी मालकाला काय विचारायचं, हे आपण अजून शिकलेलो नाही.