कोळशी की कवक?

रिसोडला मामांच्या संत्राबागेत एके वर्षी आंबिया बहार ऐन दिवाळीत काजळासारखा काळा पडला. “कोळशी आली,” बागवान म्हणाला. मामांनी बुरशीचे औषध दोनदा फवारले, काळेपणा हटेना. खरा चोर पानाच्या पाठीमागे होता. काळ्या माशीची पिल्ले रस शोषतात, चिकट गोड पाणी टाकतात, त्यावर ही बुरशी माजते.

‘कोळशी’ हा शब्द मला फार आवडतो. पण तो काजळी दाखवतो नि माशी लपवतो. मामांचा बहार त्यातच गेला. मग पंडितांकडे जावे? मराठी विश्वकोशात ‘कवक’ आहे. शब्द काटेकोर खरा, पण शिळ्या भाकरीवरच्या बुरशीला घरात कवक कोण म्हणेल? शिवाय ‘डिंक्या’ पाहा. डिंक खोडावर ओघळतो, रोग मुळांपाशी ओल्या मातीतून येतो, आणि तो आणणारा फायटॉप्थोरा आजच्या शास्त्राप्रमाणे खरे कवकही नव्हे! ‘तांबेरा’, ‘भुरी’ यांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. तिथे रंग दाखवणारी बुरशी हीच गुन्हेगार.

मामा हल्ली ‘कोळशीवाली माशी’ म्हणतात. परिभाषा कोशकारांनी हा शब्द घ्यावा, अशी माझी शिफारस आहे.